भिंतीतील तंतू आणि टोकाची जोडणी

इमारत बांधू पाहणारा मनुष्य पायाचा विचार करतो, छपराचा करतो, दारे-खिडक्यांचा तर फारच करतो. परंतु भिंतीच्या पोटातून काय काय जावयाचे आहे, हा विचार बहुधा रंगकाम संपत आल्यावर सुरू होतो. मग वरातीमागून घोडे निघतात. ताजा गिलावा फोडावा लागतो, फरशी उखडावी लागते, आणि जे काम सुरुवातीस थोडक्यात झाले असते त्यासाठी दुप्पट-तिप्पट दाम मोजावे लागतात. विजेच्या तारांच्या आणि पाण्याच्या नळांच्या बाबतीत असे पुष्कळ घडले आहे. संगणकांचे जाळे विणण्यासाठी इमारतीत घालावयाच्या प्रकाशतंतूंच्या बाबतीत तेच आज घडत आहे.

ग्वाल्हेरसारख्या शहरात ही चूक विशेष महाग पडते. येथील जुनी बांधणी दगडाची. लष्कर भागातील सरदारांचे वाडे, महाराज बाड्याभोवतालच्या इमारती, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभे राहिलेले जयारोग्य रुग्णालय, या वास्तूंच्या जाड भिंतींना एकदा भोक पाडणेच जिवावर येते. दर दहा वर्षांनी नवे भोक पाडणे तर कोणत्याही जाणत्या माणसाला रुचणार नाही. दुसऱ्या बाजूस नव्या संस्था आहेत. १९६४ साली स्थापन झालेले जिवाजी विद्यापीठ किंवा १९९७ साली निघालेली अटलबिहारी वाजपेयी माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्था यांचे आवार विस्तीर्ण आहे. तेथे अडचण भिंतीची नसून अंतराची असते. जुन्या वास्तूत एकदा घातलेली केबल पुन्हा काढता येत नाही. नव्या आवारात एकदा खणलेला चर पुन्हा खणणे परवडत नाही. दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघतो: टोकाला बसणारी यंत्रे पाच-सात वर्षांनी बदलतील, पण भिंतीत आणि जमिनीत जाणारा तंतू पंचवीस-तीस वर्षे तेथेच राहील. म्हणून तंतूची निवड आजच्या यंत्राकडे पाहून करू नये. उद्याच्या यंत्रालाही तो पुरेल असा असावा.

तांब्याची तार सोडून काचेकडे वळावयाचे तरी कशासाठी, हा पहिला प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास आग्र्याहून मुंबईकडे तारायंत्राची ओळ गेली, ती ग्वाल्हेर-इंदूरवरूनच. आणि तेव्हापासून सव्वाशे वर्षे दूरचा निरोप मुख्यतः धातूच्या तारेतून धावत आला. एकाच मजल्यावरील टेबलापर्यंत संगणकाची जोडणी नेण्यास तांब्याची तार आजही उत्तम आहे. परंतु तिची मर्यादा १०० मीटरची. एका इमारतीतून दुसऱ्या इमारतीत जावयाचे म्हटले की ती अपुरी पडते. शिवाय धातू विजेचा वाहक. आषाढातील गडगडाटात जवळपास कोठे वीज कोसळली, तर दोन इमारतींना जोडणाऱ्या तांब्याच्या तारेतून विद्युद्भाराचा लोंढा आत शिरतो आणि दोन्ही टोकांची यंत्रे जाळून टाकतो. काच वीज वाहून नेत नाही. दोन इमारतींची भूजोडणी वेगवेगळी असली तरी तिला त्याचे सुखदुःख नसते. म्हणून साधा नियम असा, की इमारतीच्या बाहेर आणि एका मजल्याहून दुसऱ्या मजल्याकडे प्रकाशतंतू न्यावा. मजल्यावरील खोल्याखोल्यांतून तांबे खेळवावे.

प्रकाश काचेत कोंडून राहतो तो कसा, याचे उत्तर पाण्याच्या धारेने प्रथम दिले. १८४१ च्या सुमारास जिनिव्हा येथे कोलाडॉन या शास्त्रज्ञाने पाण्याच्या वाकलेल्या धारेतून प्रकाश वाकवून दाखविला. धारेच्या कडेवर तो इतका तिरपा आदळतो की बाहेर न पडता आतच परावर्तित होतो. काचतंतूत हेच घडते. मध्ये एक गाभा असतो, त्याभोवती किंचित कमी अपवर्तनांकाच्या काचेचे वेष्टन असते, आणि गाभ्यात शिरलेला किरण वेष्टनावरून परतत परतत पुढे जातो. पंजाबातील मोगा येथे जन्मलेल्या नरिंदरसिंग कपानी यांनी हॉपकिन्स यांच्यासमवेत लंडन येथे अशा तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठविता येते हे १९५४ साली प्रसिद्ध केले. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी दाखवून दिले की दोष काचेचा नसून तिच्यातील अशुद्ध द्रव्यांचा आहे. पुढे २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. १९७० साली अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने किलोमीटरला २० डेसिबलहून कमी घट असलेला तंतू ओढून काढला. डेसिबलचा हिशेब सोपा आहे: ३ डेसिबल घटले म्हणजे प्रकाश निम्मा उरला, १० घटले म्हणजे दहावा हिस्सा, आणि २० घटले म्हणजे शंभरावा. एका किलोमीटरनंतर शंभरातला एक हिस्सा उरला, एवढ्यावर तेव्हा आनंदोत्सव झाला! आजच्या उत्तम तंतूत किलोमीटरमागे शंभरातले पंचाण्णवांहून अधिक हिस्से उरतात. आपल्या देशात स्थानिक टेलिफोन केंद्रे जोडण्यासाठी पहिली प्रकाशतंतू-वाहिनी सुरू झाली ती १९७९ साली, पुण्यात.

आता निवडीचा मुख्य मुद्दा. बाजारात तंतूंचे दोन कुळाचार आहेत, एक मल्टिमोड आणि दुसरा सिंगल मोड. दोहोंची बाहेरची जाडी सारखीच, १२५ मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फरक आहे तो गाभ्यात. मल्टिमोडचा गाभा ५० किंवा जुन्या जातीत ६२.५ मायक्रॉनचा, सिंगल मोडचा सुमारे ९ मायक्रॉनचा. रुंद गाभ्यात प्रकाश अनेक वाटांनी जातो. कोणी सरळ, कोणी नागमोडी; एकदम निघालेले वाटसरू मागेपुढे पोहोचतात आणि एका ठोक्याचा दुसऱ्या ठोक्यात गोंधळ होतो. जितक्या वेगाने ठोके पाठवावेत, तितके हे गोंधळाचे अंतर जवळ येते. अरुंद गाभ्यात वाट एकच असल्यामुळे हा घोळ होतच नाही.

या एका गोष्टीने गेल्या तीस-पस्तीस वर्षांत केवढा फरक पडला, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. नारिंगी वेष्टनाचा ६२.५ मायक्रॉनचा तंतू एकेकाळी सर्वत्र घातला जात असे. सेकंदाला १० मेगाबिटच्या वेगात तो २ किलोमीटर पुरत होता. वेग १ गिगाबिट झाला, तेव्हा त्याची धाव २७५ मीटरवर आली. वेग १० गिगाबिट झाला, तेव्हा ती ३३ मीटरवर घसरली. म्हणजे ज्या तंतूने सबंध आवार जोडले होते, तो एका दालनापुरता उरला. त्यानंतर मल्टिमोडच्या सुधारलेल्या जाती आल्या. ओ.एम. ३ ही जात १० गिगाबिटला ३०० मीटर धावते, पण १०० गिगाबिटच्या रूढ पद्धतीत ७० मीटरच, ओ.एम. ४ तेथे १०० मीटर जाते. दर पिढीला नवा तंतू, नवे वेष्टन, नवा खर्च. उलट सिंगल मोड तंतूवर १० गिगाबिटचे यंत्र बसवा की १०० गिगाबिटचे, १० किलोमीटरची मजल मिळतेच. तंतू तोच राहतो, बदलते ते फक्त टोकाचे यंत्र.

मग मल्टिमोड कोणी घेतच का होते? कारण रुंद गाभ्यात प्रकाश सोडणे सोपे, म्हणून त्याची यंत्रे स्वस्त पडत. सिंगल मोडची लेसर-यंत्रे पूर्वी फार महाग होती. आज तो फरक पुष्कळच कमी झाला आहे, आणि तंतू म्हणून तर सिंगल मोडच बहुधा स्वस्त पडतो. सर्व्हर-खोलीत एका कपाटातून शेजारच्या कपाटात दहा-वीस मीटर जावयाचे असेल, तर मल्टिमोड आजही शहाणपणाचा ठरतो. पण इमारतीइमारतींमधील आणि मजल्यामजल्यांमधील कायमच्या मार्गासाठी सिंगल मोडच घालावा. बाहेरच्या मार्गासाठी ओ.एस. २ या प्रतीची केबल मागावी, आणि आत अरुंद कोपऱ्यांतून वळावयाचे असेल तेथे जी. ६५७ या वळणसहिष्णू जातीचा तंतू मागावा.

किती तंतूंची केबल घ्यावी? एका जोडणीला दोन तंतू लागतात, एक जाण्यास व एक येण्यास. म्हणून दोनच तंतू घेणे म्हणजे घरात माणसे चार म्हणून चारच ताटे ठेवण्यासारखे आहे. चर खणणे, नळ्या घालणे, मजुरी यांच्यापुढे तंतूंची किंमत किरकोळ असते. जेथे आज दोनांची गरज आहे तेथे बारा तंतूंची केबल घालावी. मुख्य मार्गावर चोवीस. बारा तंतूंना ठराविक बारा रंग दिलेले असतात, त्यामुळे ओळख पटविण्यास अडचण पडत नाही. शक्य तेथे प्रत्येक इमारतीपासून मध्यवर्ती खोलीपर्यंत स्वतंत्र केबल न्यावी. एका इमारतीतून दुसरीत आणि दुसरीतून तिसरीत अशी माळ गुंफली, तर मधला एक मणी निखळताच पुढचे सारे अंधारात जातात.

तंतू ठरला की त्याच्या अंगरख्याचा विचार करावा. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि हिवाळ्यात पहाटे ५ अंशांच्या खाली उतरतो. गच्चीवरून किंवा भिंतीबाहेरून जाणाऱ्या केबलचे वेष्टन उन्हाला टिकणारे, काळ्या पॉलिथिनचे असावे. आतल्या तंतूंना मोकळ्या नळीत थोडा ढिलेपणा असावा, म्हणजे प्लॅस्टिक आकसले-प्रसरले तरी काचेवर ताण येत नाही. पावसाळ्यात जमिनीतील नळ्यांत पाणी साचते. म्हणून त्या मोकळ्या नळीत जलरोधक द्रव्य भरलेले असते. उंदीर आणि घुशी हा तर जुन्या इमारतींचा कायमचा भाडेकरूवर्ग. त्यांच्या दातांपुढे लोखंडी पट्टीचे कवच असलेली केबल टिकते. मात्र येथे एक सावधगिरी पाहिजे. काच वीज वाहत नाही म्हणून तिची निवड केली, आणि मग तिच्यावर लोखंडाचे कवच चढविले, तर वीज त्या कवचातून आत येऊ शकते. असे कवच इमारतीच्या प्रवेशाशीच जमिनीशी जोडावे, अथवा काचतंतूंच्या धाग्यांचे अधातू कवच असलेली केबल घ्यावी.

इमारतीच्या आत नियम बदलतो. बाहेरची केबल आगीत सहज पेटते, आणि पी.व्ही.सी.चे वेष्टन जळताना दाट धुराबरोबर दाहक आम्लवायू सोडते. रुग्णालयात, शाळेत, वसतिगृहात माणसे आगीपेक्षा धुराने आधी गुदमरतात. म्हणून आतील केबलचे वेष्टन कमी धूर करणारे आणि हॅलोजनरहित असावे, ही अट करारपत्रात स्पष्ट लिहावी. ज्या रुग्णालयात खाटेवरून उठू न शकणारे रोगी आहेत, तेथे या एका ओळीचे मोल पैशांत मोजता येणार नाही.

केबल ओढण्याचेही शास्त्र आहे. ती ओढताना भार तंतूवर न येता आतील चिवट ॲरामिड धाग्यांवर यावा. १० मिलिमीटर जाडीची केबल ओढताना तिचे वळण २० सेंटिमीटर त्रिज्येहून तंग नसावे आणि कायमची बसविल्यावर १० सेंटिमीटरहून तंग नसावे. तंग वळणावर प्रकाश गाभ्यातून निसटतो. केबल बाहेरून धडधाकट दिसते, आत मात्र काचेला कायमची कळ लागलेली असते. जुन्या दगडी वास्तूत नवी भोके पाडण्याऐवजी जिन्याची कड, जुन्या नळांच्या वाटा, छताखालील कंगोरे यांचा उपयोग करावा, आणि एकदाच मोठी नळी घालून तिच्यात एक रिकामी दोरी ओढून ठेवावी. पुढच्या पिढीतील कारागीर त्या दोरीबद्दल दुवा देईल.

येथवर तंतूचे झाले. आता टोकाच्या जोडणीचे, म्हणजे कनेक्टरचे. पुष्कळांचा असा समज असतो की प्रकाश लांब अंतरामुळे क्षीण होतो. इमारतींच्या जाळ्यात प्रत्यक्ष हिशेब निराळाच निघतो. समजा, रुग्णालयाच्या कचेरीपासून क्ष-किरण विभागापर्यंत ६०० मीटरचा मार्ग आहे. सिंगल मोड तंतूत किलोमीटरमागे ०.४ डेसिबल धरली, तर सबंध मार्गाची घट ०.२४ डेसिबल. दोन्ही टोकांना वितळवून केलेला एकेक सांधा, प्रमाणग्रंथांच्या कमाल मर्यादेप्रमाणे प्रत्येकी ०.३, म्हणजे ०.६. आणि दोन टोकांच्या दोन कनेक्टर-जोड्या, कमाल प्रत्येकी ०.७५, म्हणजे १.५. एकूण २.३४ डेसिबल. १० किलोमीटरसाठी बनविलेले १० गिगाबिटचे यंत्र सुमारे ६ डेसिबलपर्यंतची घट सहन करते. म्हणजे हातात भरपूर शिल्लक राहते. पण एकूण घटीत तंतूचा वाटा जेमतेम दहावा. बाकी सारी गळती सांध्यांची आणि जोडांची. नदी आटत नाही, पाणी गळते ते पन्हळीच्या सांध्यावर.

कनेक्टर पुष्कळ जातींचे झाले. जुन्या जाळ्यांत फिरवून अडकविण्याचा एस.टी. आणि आट्यांचा एफ.सी. आढळतो. त्यानंतर दाबताच बसणारा चौकोनी एस.सी. आला, आणि मग त्याच्या निम्म्या जागेत मावणारा एल.सी. पहिल्या तिघांच्या आतील सिरॅमिकची नळी २.५ मिलिमीटर व्यासाची, एल.सी.ची १.२५ मिलिमीटरची. आजची बहुतेक स्विच-यंत्रे एल.सी. मागतात, म्हणून नव्या कामात तोच घ्यावा, आणि सबंध आवारात एकच जात ठेवावी. चार खोल्यांत चार जाती असल्या, की रात्री-अपरात्री बिघाड झाल्यावर नेमकी हवी ती दोरी कपाटात सापडत नाही.

जातीइतकेच महत्त्व टोकाच्या घासणीला आहे. निळ्या रंगाच्या कनेक्टरचे टोक किंचित बहिर्वक्र घासलेले असते, त्यास यू.पी.सी. म्हणतात. हिरव्याचे टोक ८ अंशांनी तिरपे घासलेले असते, तो ए.पी.सी. तिरपेपणामुळे परतणारा प्रकाश वेष्टनात विरून जातो. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीची घरापर्यंत येणारी दोरी बहुधा हिरवी असते, इमारतीच्या आतील जाळे बहुधा निळे. निळ्यात हिरवा बळेच बसविला, तर तो बसतो. पण दोन टोकांमध्ये फट राहते, प्रकाश गळतो, आणि टोकांना चरे पडतात. रंगाशी रंग जुळवावा, हा नियम शिपायापासून मुख्य अभियंत्यापर्यंत सर्वांनी पाळावा.

कनेक्टर जाग्यावर गोंदाने चिकटवून घासण्यापेक्षा कारखान्यात घासलेले, आखूड शेपटीसह मिळणारे पिगटेल आणून ते तंतूला विद्युत्-ठिणगीने वितळवून जोडावे. कुशल हाताने केलेल्या अशा सांध्यात ०.१ डेसिबलहूनही कमी घट होते. हे काम गवंडी, सुतार, रंगारी निघून गेल्यावरच करावे. दगडाला भोक पाडताना उडालेल्या भुकटीचा एखादा कण ९ मायक्रॉनच्या गाभ्याहून सहज मोठा असतो. तो टोकावर बसला की सूर्याला ग्रहण लागते. जोडण्यापूर्वी प्रत्येक टोक सूक्ष्मदर्शकाने पाहावे, आणि ते सदऱ्याच्या टोकाने किंवा तोंडाच्या वाफेने न पुसता त्यासाठी बनविलेल्या कोरड्या पुसणीने स्वच्छ करावे. मात्र चालू तंतूच्या टोकाकडे नुसत्या डोळ्याने कधीही पाहू नये. त्यातील लेसरकिरण डोळ्याला दिसत नाही. इजा मात्र करू शकतो.

सर्व काम झाले, दिवे लागले, संगणक बोलू लागले, म्हणजे काम पुरे झाले असे नव्हे. ग्वाल्हेरच्या जयविलास राजवाड्यातील दरबार-दालनाची एक कथा प्रसिद्ध आहे. जयाजीराव शिंद्यांसाठी मायकेल फिलोस यांनी १८७४ साली हा राजवाडा पुरा केला. तेथील दोन प्रचंड झुंबरे, प्रत्येकी साडेतीन टनांची म्हणतात, टांगण्यापूर्वी छत तो भार पेलते की नाही हे पाहण्यासाठी गच्चीवर हत्ती चढविले होते असे सांगतात. कथेतला अतिशयोक्तीचा भाग सोडला, तरी तिच्यातील शहाणपण खरे आहे. भार घालण्यापूर्वी परीक्षा घ्यावी. प्रकाशतंतूंची परीक्षा दोन साधनांनी होते. एका टोकाला प्रमाणित प्रकाश सोडून दुसऱ्या टोकाला तो मोजणे, ही पहिली; तिने एकूण घट कळते. दुसरे साधन ओ.टी.डी.आर. ते प्रकाशाचा स्पंद सोडून परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून कोणत्या मीटरवर सांधा आहे, कोठे वळण तंग झाले आहे, कोठे तंतू तुटला आहे, हे सांगते. बारा तंतूंपैकी आज दोनच वापरावयाचे असले, तरी परीक्षा बाराही तंतूंची घ्यावी आणि प्रत्येकाचा आकडा लिहून घ्यावा. त्याशिवाय कंत्राटदाराचे शेवटचे देयक मंजूर करू नये.

आणि ती वही जपून ठेवावी. कोणती केबल कोणत्या वाटेने गेली, कोणत्या रंगाचा तंतू कोठे निघतो, सांधे कोठे आहेत, हे लिहिलेले नसेल, तर पाच वर्षांनी चर खणणारा मजूर कुदळीच्या एका घावाने ती माहिती स्वतःच शोधून काढतो. रुग्णालयात त्या घावाची किंमत फार असते. सी.टी. स्कॅनच्या एका तपासणीत शेकडो छायाचित्रे निघतात, आणि अपघातात सापडलेल्या माणसाच्या मेंदूची ती छायाचित्रे शस्त्रवैद्याच्या पडद्यावर आत्ता हवी असतात, उद्या नव्हे. शाळेचे चिटणीस, रुग्णालयाचे व्यवस्थापक, गृहसंस्थेचे कार्यवाह यांना काचेचे पदार्थविज्ञान पाठ असण्याची गरज नाही. त्यांनी कंत्राटदाराला चार गोष्टी विचाराव्यात: भिंतीत जाणारा तंतू सिंगल मोड आहे काय, आतील वेष्टन धूर न करणारे आहे काय, सर्व टोके एका जातीची, एका रंगाची आणि स्वच्छ आहेत काय, आणि प्रत्येक तंतूच्या परीक्षेचा कागद कोठे आहे. या चार प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर दगडाला पाडलेले ते एक भोक पुढच्या पिढीलाही पुरेल.